मोडा, पण आवाज करून मोडा

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, आणि त्याचं नवं व्हर्जन आलं की त्यावरचा जुना कोड मोडू शकतो. तो कसा मोडावा, हा इथला प्रश्न. जँगो या पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये स्लगिफाय नावाचं एक छोटं फंक्शन आहे. लेखाच्या शीर्षकातून वेबपत्त्याचा तुकडा बनवणं एवढंच त्याचं काम. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची संगणकातली सामाईक अक्षरसूची, चालू ठेवायला सांगून त्याला 'मराठी' हा शब्द दिला, की ते 'मरठ' असं परत देतं. 'पुस्तक'चं होतं 'पसतक'. कारण साधं आहे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचा युनिकोडमधला वर्ग अक्षरांचा नाही, जोडचिन्हांचा आहे. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राला, ती अक्षरं वाटत नाहीत आणि फंक्शन ती झाडून टाकतं. 'काळ', 'कळी', 'केळी' आणि 'कोळी' असे चौघंही मग 'कळ' या एकाच पत्त्यावर राहायला येतात.

ही चूक आहे याबद्दल वाद नाही. पण उद्याच्या व्हर्जनमध्ये कुणी ती गुपचूप दुरुस्त केली तर? ज्या साइट शीर्षकावरून पत्ता दर वेळी नव्याने काढतात, त्यांचे आजवरचे सगळे दुवे एका रात्रीत ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दाखवू लागतील. ज्या साइट पत्ता डेटाबेसमध्ये साठवतात, त्यांचे जुने लेख 'मरठ'वर राहतील आणि नवे 'मराठी'वर जातील. त्यात सेव्ह करताना पत्ता पुन्हा काढणारा कोड असेल, तर जुन्या लेखातली एखादी वेलांटी सुधारली तरी त्याचा पत्ता बदलेल आणि व्हॉट्सॲपवर फिरलेला दुवा मरेल. म्हणजे इथे दुरुस्ती हीच मोडतोड ठरते. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो, त्याचा आशय हाच आहे: वापरणारे पुरेसे झाले की प्रणालीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं, मग दस्तऐवजात काहीही लिहिलेलं असो. आणि त्या वागण्यात चुकाही आल्या.

(ज्यांना मराठी पत्ते हवेत त्यांनी या दुरुस्तीची वाट बघू नये. स्वतःचं फंक्शन लिहावं, पण त्यातून निघणारा पत्ता जँगोच्या स्लगफील्डमध्ये, म्हणजे अशा पत्त्यांसाठीच्या खास रकान्यात, साठवू नये, कारण त्याची तपासणीही त्याच नियमावर चालते आणि 'मराठी' नाकारते. साधं कॅरॅक्टर फील्ड घ्यावं, पत्त्यात लेखाचा क्रमांक ठेवावा, म्हणजे शब्द बदलला तरी लेख सापडतो.)

'फ्रेमवर्कने जुनं कधीच मोडू नये' ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते, पण तिचा अर्थ 'चुकाही जपून ठेवा' असा होतो. 'पुढे जायचं तर मोडतोड होणारच, रडता कशाला' हा पलीकडच्या बाजूचा तोराही तेवढाच पोकळ, कारण मोडणारे चार असतात आणि निस्तरणारे हजारो. फ्रेमवर्कला मोडायचा हक्क आहे, पण दोन अटींवर. पहिली, मोडलं की कळलं पाहिजे. कोड बंद पडावा किंवा ओरडावा, मुकाट्याने वेगळं वागू नये. दुसरी, मधला काही काळ असा मिळाला पाहिजे की एकच कोड जुन्या आणि नव्या अशा दोन्ही व्हर्जनवर चालेल. या दोन अटी पाळल्या नाहीत, तर व्हर्जनचे आकडे कितीही शिस्तीत वाढवले तरी फरक पडत नाही.

ब्राउझरला मात्र हा हक्क नाही. २०१८ मध्ये जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत ॲरेला, म्हणजे यादीला, 'फ्लॅटन' नावाची नवी पद्धत द्यायचं ठरत होतं. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, त्याच नावाची स्वतःची पद्धत आधीच चिकटवून ठेवली होती, आणि ब्राउझरने ते नाव घेतलं की त्या लायब्ररीवरच्या जुन्या साइट मोडत होत्या. शेवटी नाव बदलून 'फ्लॅट' ठेवावं लागलं. हे बरोबरच झालं. बारा वर्षांपूर्वीच्या एखाद्या वेबपानावर 'मला अमुक व्हर्जनचा ब्राउझर हवा' असं लिहिलेलं नसतं, आणि त्या पानाचा मालक कुठे आहे याचाही पत्ता नसतो. फ्रेमवर्कचं तसं नाही. तुमच्या पॅकेजच्या यादीत आकडा लिहिलेला असतो आणि तुम्ही तो बदलेपर्यंत काहीही हलत नाही. म्हणून 'ब्राउझर सांभाळतो, मग फ्रेमवर्कला काय धाड भरली' हा युक्तिवाद टिकत नाही.

चांगली मोडतोड कशी असते ते बघायचं तर जँगोचाच फॉरेन की घ्या. आधी दोन टेबलांचा संबंध जोडताना, मूळ नोंद पुसली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींचं काय करायचं, हे सांगावं लागत नसे. न सांगितल्यास त्याही पुसल्या जात. एक ग्राहक काढला आणि त्याची सगळी बिलंही गेली, असा प्रकार त्यातून होई. १.९ मध्ये 'ऑन-डिलीट' स्पष्ट लिहा अशी वॉर्निंग सुरू झाली आणि डिसेंबर २०१७ च्या २.० मध्ये ते सक्तीचं झालं. न लिहिल्यास प्रोग्राम सुरूच होत नाही. जाच आहे, पण रात्री अडीचला डेटा गायब होण्यापेक्षा सकाळी अकराला स्क्रीनवर लाल ओळ आलेली बरी.

यातही एक जागा हमखास फसवते. लोक मॉडेलच्या, म्हणजे टेबलांचं वर्णन करणाऱ्या, फाइली दुरुस्त करतात आणि जुन्या मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसची रचना पायरीपायरीने बदलणाऱ्या, फाइली विसरतात. १.९ च्या आधी बनलेल्या मायग्रेशनमध्येही फॉरेन की असतात, त्यांतही 'ऑन-डिलीट' नसतो, आणि जँगो त्या सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचतो. तिथेही ते भरावं लागतं. भरताना सगळीकडे 'कॅस्केड'च, म्हणजे 'त्याही पुसा', टाकावं, कारण आजवरचं वागणं तेच होतं. 'इथे खरं तर प्रोटेक्ट, म्हणजे पुसूच न देणं, हवं' असं वाटलं तरी ते वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे कोडबदलाच्या वेगळ्या नोंदीत, वेगळ्या दिवशी. अपग्रेड आणि सुधारणा एकाच वेळी केल्या की मोडलं कशामुळे हे सांगता येत नाही.

आता मुकी मोडतोड. जँगो ५.० मध्ये टाइमझोन वापरण्याच्या सेटिंगचं डिफॉल्ट 'नाही'चं 'हो' झालं. नवा प्रोजेक्ट सुरू करताना बनणाऱ्या फाइलमध्ये ती ओळ कित्येक वर्षं आयतीच येते. पण ती कुणी काढून टाकली असेल किंवा फाइल फार जुनी असेल, आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल, तर तोवर भारतीय वेळेत साठवलेल्या वेळा अपग्रेडनंतर जागतिक वेळ म्हणून वाचल्या जातात आणि दाखवताना त्यांत साडेपाच तास मिळवले जातात. सकाळी १० ची अपॉइंटमेंट दुपारी साडेतीनला दिसते. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. त्यावर कडी म्हणजे अपग्रेडनंतर आलेल्या नोंदी बरोबर दिसतात. एकाच कॉलममध्ये दोन प्रकारच्या वेळा साचत जातात आणि आठवडाभराने कुणाच्या लक्षात येईपर्यंत कुठली नोंद कुठल्या प्रकारातली हे वेगळं करणं जिकिरीचं होऊन बसतं.

जँगोच्या बाजूने सांगायला हवं, की ४.० पासूनच याबद्दल वॉर्निंग होती. पण पायथॉन या जातीच्या वॉर्निंग एरवी दडवून ठेवतो. त्या मुद्दाम चालू कराव्या लागतात. आणि जो ३.२ वरून थेट ५.० वर उडी मारतो त्याला ती कधी भेटतच नाही. आवाज झाला होता, पण कान बंद होते.

दुसरं उदाहरण जास्त त्रासाचं, कारण त्याला वॉर्निंगच नव्हती. ४.० पासून जँगो फॉर्म स्वीकारताना ब्राउझरने पाठवलेला ओरिजिन हेडर, म्हणजे फॉर्म कुठल्या साइटवरून आला हे सांगणारी ओळ, तपासू लागला. विश्वासू ओरिजिनच्या यादीत पत्त्याआधी 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस' लिहिलेलं नसेल तर ते जँगोची स्वतःची तपासणी, म्हणजे सिस्टिम चेक, पकडतो. पण पुष्कळ साइटसमोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असतो, तो एचटीटीपीएस तिथेच सोडवतो आणि आत साधं एचटीटीपी पाठवतो. ब्राउझर म्हणतो मी एचटीटीपीएसवरून आलो, जँगोला दिसतं एचटीटीपी, दोन्ही जुळत नाहीत आणि प्रत्येक फॉर्मला ४०३, म्हणजे नकार, मिळतो. पानं उघडतात, लॉगिन होत नाही. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एनजिनएक्स नसल्यामुळे तिथे सगळं सुरळीत असतं, कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्टही हिरव्या, म्हणजे पास, असतात. इलाज दोन ओळींचा आहे: एनजिनएक्सने मूळ प्रोटोकॉल सांगणारा हेडर पुढे पाठवायचा आणि जँगोच्या सेटिंगमध्ये त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगायचं. मात्र तो हेडर बाहेरून आला तर एनजिनएक्स तो पुसतो ना, हे आधी तपासावं, नाहीतर कुणीही 'मी सुरक्षित आहे' असं सांगत आत येईल.

जावाच्या जगात हाच फरक आणखी ठळक दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जावातल्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कचं ३.० आलं तेव्हा सगळ्यांनी बोंब मारली ती 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं म्हणून. ओरॅकलने जावा ईई, म्हणजे मोठ्या प्रणालींसाठीचा जावाचा संच, एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवला. त्यामुळे पॅकेजची नावंच बदलावी लागली. तांत्रिक कारण शून्य, आणि फाइली हजारो. पण हा बदल ओरडणारा होता: नाव चुकलं की कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालणारा प्रोग्रामच बनत नाही. ज्यांनी आंधळेपणाने सगळीकडे शब्द बदलले त्यांचं 'जावाएक्स एसक्यूएल' आणि 'जावाएक्स क्रिप्टो'ही बदललं गेलं. ही दोन्ही मूळ जावाची पॅकेजं असल्यामुळे त्यांची नावं तशीच राहायला हवी होती. तीही चूक पाच मिनिटांत समोर आली. त्याच व्हर्जनमध्ये पत्त्याच्या शेवटच्या तिरप्या रेघेचा एक बारीक बदल होता. आधी रेघ असो वा नसो, पत्ता एकच मानला जाई. आता रेघ असलेला पत्ता ४०४ देतो. कंपाइलर गप्प. कुणाच्या मोबाइल ॲपमध्ये तो पत्ता रेघेसकट लिहून ठेवलेला असेल, तर ते ॲप प्रॉडक्शनमध्येच, म्हणजे प्रत्यक्ष वापरातच, मोडतं. हजारो फाइलींचा गोंगाट करणारा बदल परवडला, एका रेघेचा मुका बदल नको, असं म्हणायची पाळी येते.

दुसऱ्या अटीचा, म्हणजे दोन्हीकडे चालणाऱ्या कोडचा, सगळ्यात मोठा धडा खुद्द पायथॉननेच घालून दिला. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं तेव्हा कल्पना अशी होती, की एका साधनाने कोड २ मधून ३ मध्ये रूपांतरित करायचा आणि पुढे जायचं. एकतर्फी रस्ता. युनिकोड मजकुरापुढे लावायचं 'यू' हे अक्षर ३.० ने काढून टाकलं होतं. त्यामुळे असा मजकूर असलेली एकच फाइल दोन्हीकडे चालवणं अवघड झालं. लायब्ररीवाले म्हणाले आमचे वापरकर्ते अजून २ वर आहेत, वापरकर्ते म्हणाले आमच्या लायब्ररी ३ वर नाहीत. २०१२ मध्ये ३.३ ने ते 'यू' परत घेतलं. एक अक्षर, ज्याला नव्या भाषेत काहीही अर्थ नाही, निव्वळ सोयीसाठी. जँगोने २०१३ च्या १.५ मध्ये पायथॉन ३ ला प्रायोगिक आधार दिला तो एकाच कोडमधून दोन्ही चालवण्याच्या वाटेने. घोडं पुढे सरकलं ते या वाटेने. तरी पायथॉन २ चा आधार पुरता बंद व्हायला १ जानेवारी २०२० उजाडावं लागलं.

जावास्क्रिप्टच्या अँग्युलर या फ्रेमवर्कची गोष्ट निराळी. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर २ हे अँग्युलरजेएसशी नावापुरतंच नातं सांगत होतं. दोन्ही एकाच ॲपमध्ये चालवायची सोय दिली होती, नाही असं नाही. पूल होता, पण पलीकडे गावच वेगळं होतं. नव्या फ्रेमवर्कला जुन्याचं नाव दिलं की लोक त्याला अपग्रेड समजतात आणि बजेटही अपग्रेडचंच मागतात, हा त्यातला खरा घोटाळा. जावास्क्रिप्टच्याच रिॲक्टने उलट केलं. ऑक्टोबर २०२० च्या १७ व्या व्हर्जनमध्ये डेव्हलपरसाठी नवं असं काहीच दिलं नाही. एकाच पानावर रिॲक्टची दोन व्हर्जनं भांडण न करता राहावीत, एवढ्यासाठी आतलं वायरिंग बदललं. असं कंटाळवाणं व्हर्जन काढायला धाडस लागतं.

जँगोमधलं माझं आवडतं उदाहरण मात्र एका अल्पायुषी सेटिंगचं आहे. ३.१ मध्ये सेशन, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद, आणि डिजिटल सह्या यांसाठीचा हॅश, म्हणजे मजकुराचा गणिती ठसा, एसएचए-१ वरून एसएचए-२५६ वर गेला. नवं व्हर्जन चढवताना काही सर्व्हर जुने आणि काही नवे असा काळ असतोच. तेव्हा एकाने दिलेली सेशन दुसऱ्याला ओळखता आली नाही तर लोक धडाधड लॉगआउट होतात. म्हणून फक्त त्या मधल्या काळापुरतं, जुनाच हॅश वापरा असं सांगणारं एक सेटिंग दिलं गेलं. जन्मतःच डिप्रिकेट, म्हणजे 'पुढे काढून टाकणार' असं जाहीर, झालेलं, ४.० मध्ये काढूनही टाकलेलं. बांधकाम संपलं की परांची उतरवावी तसं.

जँगोचं वेळापत्रकही याच विचाराने बांधलेलं आहे. दर आठ महिन्यांनी नवं व्हर्जन, दर दोन वर्षांनी एक दीर्घ मुदतीचं, म्हणजे एलटीएस, आणि त्याला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या. म्हणजे दोन एलटीएसमध्ये वर्षभराची सामाईक मुदत राहते: ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आलं, ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत. डिप्रिकेट केलेली गोष्ट किमान दोन व्हर्जनं वॉर्निंग देत चालू राहते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एका एलटीएसवर तुमचा कोड एकही वॉर्निंग न देता चालत असेल, तर काढून टाकलेल्या गोष्टींमुळे तो पुढच्या एलटीएसवर अडू नये. उरतात ते थेट केलेले विसंगत बदल, आणि ते रिलीज नोट्समध्ये वाचावेच लागतात.

आज ३.२ वर अडकलेल्या प्रणालीचा जिना असा चढावा. सगळ्यात आधी पायथॉन ३.१० वर जायचं, जँगो ३.२ च ठेवून, कारण ३.१० वर जँगो ३.२, ४.२ आणि ५.२ तिन्ही चालतात आणि मग मध्ये पुन्हा पायथॉनला हात लावावा लागत नाही. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर तोही आधीच किमान १४ वर न्यावा, ५.२ ला तो लागतोच, आणि ३.२ चं त्याच्याशी काही वाकडं नाही. मग बाहेरची पॅकेजेस एकेक करून अशा व्हर्जनवर आणायची, जी ३.२ आणि ४.२ दोन्हींवर चालतात. वेळ खरा इथे जातो. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी आणलेलं आणि आता कुणीच न सांभाळणारं एखादं पॅकेज निघतंच. ते काढून त्याच्या जागी स्वतःचा पन्नास ओळींचा कोड लिहिणं बहुधा स्वस्त पडतं. त्यानंतर वॉर्निंग एरर म्हणून मोजायला लावून टेस्ट चालवायच्या, एकही उरली नाही की ४.२, आणि तेच पुन्हा करून ५.२.

वाटेत दोन खड्डे. ३.२ पासून जँगो प्रत्येक मॉडेलच्या आपोआप वाढणाऱ्या आयडीचा प्रकार विचारतो. बिगऑटोफील्ड लिहिलं, की तो सगळ्या टेबलांच्या मायग्रेशन बनवतो, आणि पोस्टग्रेसमध्ये आयडीचा प्रकार बदलणं म्हणजे टेबल कुलूप लावून अख्खं पुन्हा लिहिणं. कोट्यवधी ओळींच्या टेबलावर हे भर दुपारी घडलं तर साइट बंद. अपग्रेडपुरतं जुनंच ऑटोफील्ड लिहावं. दुसरा खड्डा लॉगआउटचा: ५.० मध्ये साध्या दुव्याने लॉगआउट होत नाही, ४०५ हा नकार येतो, फॉर्म आणि बटण लागतं. किरकोळ वाटतं, पण सामाईक संगणकावर काम करणाऱ्या कचेरीत लॉगआउट न होणं किरकोळ नसतं.

एकाच कोडवर दोन्ही व्हर्जनच्या टेस्ट रोज चालवणं हा यातला सगळ्यात मोलाचा खर्च आहे. कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटहबने २०१८ मध्ये रेल्स या रूबी भाषेतल्या फ्रेमवर्कच्या ३.२ वरून ५.२ पर्यंतची चढण पूर्ण केली ती असंच दोन्ही व्हर्जनांवर ॲप सुरू होईल अशी व्यवस्था करून, आणि तरी दीड वर्ष लागलं. स्वतः रेल्सवर उभ्या असलेल्या कंपनीची ही कथा, तर बाकीच्यांनी भिजत घातलेलं घोंगडं किती जड होत असेल याचा अंदाज करावा.

आणि घोंगडं भिजत पडतं ते आळसापेक्षा कंत्राटाच्या मसुद्यामुळे. महापालिका, विद्यापीठं, सहकारी बँका यांच्या वेबप्रणाल्या पुष्कळदा एकदाच पैसे मोजून बनवल्या जातात आणि पुढे वार्षिक देखभालीवर सोपवल्या जातात. त्या देखभालीत सर्व्हर चालू ठेवणं आणि किरकोळ बदल येतात. फ्रेमवर्क अपग्रेड म्हटलं की तो 'नवा स्कोप' ठरतो आणि फाइल पुन्हा टेबलाटेबलावरून फिरते. निर्णय घेणाऱ्याला पडद्यावर काहीच नवं दिसणार नसतं, त्यामुळे पैसे कशाचे, हा त्याचा प्रश्न चुकीचाही नसतो.

त्याला उत्तर इक्विफॅक्सच्या प्रकरणात मिळतं. अपाचे स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमधल्या एका भोकाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली. त्या अमेरिकी कंपनीने ती वेळेत लावली नाही आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. लक्षात घ्यायचं ते असं, की दुरुस्ती २.३ आणि २.५ अशा दोन्ही चालू शाखांवर आली होती. २.३.३१ वर असणाऱ्याला २.३.३२ घ्यायचं होतं, बस्स. चालू शाखेवर असलेल्याला सुरक्षा दुरुस्ती एका आकड्याच्या अंतरावर मिळते. मुदत संपलेल्या शाखेवर असलेल्याला तीच दुरुस्ती पाच वर्षांच्या मोडतोडीत गुंडाळून मिळते, आणि ती एका रात्रीत लावता येत नाही.

म्हणून निविदेत तीन ओळी हव्यात. चालू एलटीएसची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी प्रणाली पुढच्या एलटीएसवर गेलेली असेल आणि त्याचा दर वार्षिक देखभालीतच धरलेला असेल. स्वयंचलित टेस्ट हा सुपूर्द करायच्या मालाचा भाग असेल, कोडइतकाच. आणि माल ताब्यात घेताना त्या टेस्ट वॉर्निंग चालू ठेवून खरेदीदाराच्या समोर, एनजिनएक्ससकट उभ्या केलेल्या चाचणी सर्व्हरवर चालवल्या जातील. वॉर्निंगचा आकडा शून्य नसेल तर शेवटचा हप्ता थांबेल.